चौथा परिच्छेद

अर्ज कसा लिहावा हे मला कोणी शिकवायला आले की मी त्याला एकच प्रश्न विचारतो : आपण लिहिलेले किती अर्ज आजवर मंजूर झाले? एवढ्यावर बहुतेकांचे बोलणे संपते. बारामतीहून आलेल्या त्या बाईंचे संपले नाही, आणि माझा पुढचा सगळा मनस्ताप तिथून सुरू झाला.

इंदापूरला कचेरीच्या आवाराबाहेर लिंबाखाली माझे टेबल आहे. अलीकडे शेजारी संगणकवाले बसू लागले आहेत आणि त्यांच्याकडे छापील नमुने मिळतात; तथापि ज्याला काम खरोखर करून घ्यायचे आहे, तो माणूस माझ्यासमोरच येऊन बसतो. माझे शिक्षण नववी पास. दहावीला बसलो होतो, परंतु बीजगणिताशी माझे जमले नाही. त्याचा मला खेद नाही, कारण अर्जात बीजगणित लागत नाही. अर्जात लागते ती भाषा, आणि ती मी कचेरीतले निकाल आणि शेरे वाचून स्वतः कमावलेली आहे.

माझ्या अर्जाला चार परिच्छेद असतात. पहिल्यात अर्जदार कोण, दुसऱ्यात त्याला काय हवे, तिसऱ्यात सोबत जोडलेले कागद. हे तीन कोणीही लिहील. चौथा माझा स्वतःचा. वाचणाऱ्या साहेबाचा हात चहाच्या कपावरून उठून पेनाकडे जावा, यासाठी तो लिहिलेला असतो. विधवेसाठी वेगळा, नुकसानीसाठी वेगळा आणि अपंगांसाठी वेगळा. (शासन आता दिव्यांग म्हणते, मीही तसेच लिहितो.) दिव्यांगांचा चौथा परिच्छेद असा होता : ‘सदर अर्जदारास उठणे, बसणे, चालणे अथवा उपजीविकेचे कोणतेही काम करणे सर्वस्वी अशक्य असून, अर्जदाराचा संपूर्ण भार वृद्ध पित्यावर पडलेला आहे व अर्जदाराचे जीवन अंधकारमय झालेले आहे.’ वृद्ध पित्याऐवजी कधी विधवा माता, कधी थोरला बंधू. बाकी अक्षरही बदलावे लागत नसे.

त्या बाई बारामतीच्या एका संस्थेत कार्यकर्त्या होत्या. वय पस्तिशीचे असावे. डावा पाय आखूड, त्यामुळे मागे दोन जादा चाके जोडलेली स्कूटर चालवत. ती स्कूटर त्यांनी थेट माझ्या टेबलाला लावली, पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला आणि बसायला सांगण्याच्या आत बसल्या.

“काका, हे सगळे तुमच्या हातचे ना?”

“अक्षरावरून कळायला हवे,” मी म्हणालो.

“अक्षर मोत्यासारखं आहे. पण माणसं वेगवेगळी आणि चौथा परिच्छेद सगळ्यांना एकच. यातला हा भिगवणला मासळीची जाळी विणतो. ही सणसरची मुलगी शिवणकाम करते. आणि तुम्ही लिहिलंय, कोणतंही काम अशक्य.”

“ताई, साहेबाला पाझर फुटला पाहिजे.”

“साहेबाला फुटू द्या हो. पण झेरॉक्स घरी राहते. ती घरचे ट्रंकेत जपून ठेवतात, आणि पोरीनं काही करायचं म्हटलं की म्हणतात, तुला कुठलं जमायला, सरकारी कागदावर लिहिलंय.”

अर्ज साहेबासाठी असतो, अर्जदाराने तो वाचत बसायचा नसतो, हे मी त्यांना शांतपणे समजावले. त्या हसल्या. मला हसलेले आवडत नाही. मग त्या आपल्या कामाविषयी बोलू लागल्या आणि त्याला समाजाधारित पुनर्वसन असे नाव त्यांनी सांगितले. आमच्या तालुक्यात पुनर्वसन म्हटले की उजनी धरणाच्या पाण्यात ज्यांची गावे गेली ती माणसे डोळ्यांपुढे येतात, त्यांची नवी गावठाणे, आणि त्यांच्या तीन पिढ्यांनी लिहून घेतलेले अर्ज. मी म्हणालो, “यांचे कुठले गाव बुडाले?”

“गाव तिथंच आहे, काका. ही माणसंच त्यात नाहीत. माणसाला उचलून पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं आणि परत आणून त्याच ओट्यावर बसवायचं, याला काय अर्थ आहे? गावातच काय जमतंय ते बघायचं. वेल्डरला, शाळेला, डेअरीला, घरच्यांना कामाला लावायचं.”

“आणि तुम्ही काय करता?”

“मी भांडते.”

हे मात्र त्यांनी खरे सांगितले होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या, आणि मागोमाग एक रिक्षा. रिक्षातून एक म्हातारा उतरला आणि त्याच्यामागून एक तरुण बाई. दोन्ही पायांना लोखंडी आधाराचे कॅलिपर, काखेत कुबड्या. रिक्षापासून माझ्या टेबलापर्यंत वीसेक पावले असतील. त्या वीस पावलांना तिने इतका वेळ घेतला की समोर बसलेले माझे गिऱ्हाईक आपली हकिकत विसरून तिच्याकडेच पाहत राहिले. ती टेबलाला टेकली, श्वास घेतला आणि मला म्हणाली,

“माझं जीवन अंधकारमय लिवणारं तुमीच का?”

“आपण कोण?”

म्हातारा पुढे झाला. “वळखलं न्हाय का भाऊसाहेब? कळंबच्या अलीकडं कॅनॉलच्या चारीकडंची आमची वस्ती. दोन वर्सामागं तीनचाकीचा अर्ज लिवला न्हवं तुमी? ती ही. माझी लेक.”

अर्ज मला आठवला, कारण तो मंजूर झाला होता. मी अभिमानाने विचारले, “मिळाली ना तीनचाकी?”

“मिळाली की,” ती म्हणाली. “दारातनं आत येत न्हाय आन पाणंदीच्या चिखलातनं भाईर जात न्हाय. आबांनी तिच्यावर कडबा रचलाय.”

मग जे झाले होते ते तिघांनी मिळून, एकमेकांना तोडत, मला सांगितले. त्यांच्या गावच्या दूध संकलन केंद्रात फॅट तपासणारा कामगार कंपनीत नोकरी लागल्यामुळे महिनाअखेर जाणार होता. या बाईने त्याच्याकडून सहा महिन्यांत सगळे काम शिकून घेतले होते : नमुना घेणे, मशीनला लावणे, पावती देणे. तिला ती जागा हवी होती. तिने रीतसर मागणी केली, तेव्हा संस्थेच्या चेअरमनने कपाटातली फाईल काढली. दोन वर्षांपूर्वी तोच गावचा सरपंच होता आणि तीनचाकीच्या अर्जावर खाली त्याचीच शिफारस होती. प्रत त्याच्याकडे राहिलेली.

“वाचून दाखिवलं मला,” ती म्हणाली, “समद्या दूधवाल्यांम्होरं. ‘बसणं अशक्य.’ मी तितं बसूनच ऐकत हुते.”

माझ्या समोरचे गिऱ्हाईक फिस्सकन हसले. त्याला मी नंतर यायला सांगितले.

“शनिवारी कमिटी हाय,” ती पुढे म्हणाली. “त्या दिवशी न्हाय म्हणाले तर चेअरमनच्या साडूचा पोरगा बसणार. तवा आता लिवून द्या. हिला बसता येतं, हिला काम येतं. तुमच्याच अक्षरात पायजे. तुमचं अक्षर समद्यांस्नी ठावं हाय.”

म्हातारा मध्येच कळवळला. “पर भाऊसाहेब, तसं लिवलं तर तिचं सर्टिफिकीट रद्द न्हाय ना हुणार? सवलती जात्याल का? तीनचाकी न्हेत्याल माघारी?”

“न्हिऊ द्या की, आबा. कडबा तेवढा काडून ठेवा.”

बाईंनी म्हाताऱ्याला समजावले की सर्टिफिकेट पायाचे असते, माणूस काम करतो म्हणून ते रद्द होत नाही. माझी अडचण कोणी समजून घेईना. एकाच व्यक्तीबद्दल, एकाच हस्ताक्षरात, एक कागद म्हणतो सर्वस्वी अशक्य आणि दुसरा म्हणतो सर्व शक्य. माझ्या कागदांचे वजन कशाने आहे? माझा शब्द बदलत नाही म्हणून. मी तसे स्पष्ट सांगितले. शेजारच्या संगणकवाल्याकडे जा म्हणालो, हेही कबूल करतो.

बाई उठल्या. “ठीक आहे. आम्ही म्हणतोय म्हणून लिहू नका. उद्या सकाळी सहाला केंद्रावर या, बघा, आणि जे दिसेल ते लिहा. नाही दिसलं तर नका लिहू.”

मी लिहितो ते पाहून लिहितो का, असा त्यात गर्भितार्थ होता. मला तो चांगलाच झोंबला, आणि केवळ तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी मी भल्या पहाटे मोटारसायकल काढली. थंडीने कान बधिर झालेले, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, आणि मनात त्या बाईंना ऐकवायची वाक्ये.

केंद्र म्हणजे शाळेमागची पत्र्याची खोली. दारात कॅन आणि किटल्या घेऊन माणसांची रांग. आत जुना कामगार हाताची घडी घालून बाजूला उभा होता आणि मशीनसमोर ती बसलेली होती. स्टूल गावच्या वेल्डरने केलेले : पाठ टेकायला पट्टी, पाय ठेवायला दांडी. त्यासाठी द्राक्षबागेच्या मोडलेल्या मांडवाचे लोखंड वापरले होते, हे मला वेल्डरनेच रांगेतून ओरडून सांगितले, आणि त्याच लोखंडाच्या दोन समांतर दांड्या तिच्या अंगणात रोवल्यात, त्या धरून ती चालायला शिकली, हेही सांगितले. माझ्याकडे लिहून घ्यायला आल्यासारखा तो बोलत होता.

मी भिंतीला टेकून वही उघडली. ती खातेनंबर विचारत नव्हती. किटली पाहूनच नंबर दाबत होती. नमुना घ्यायच्या आधी प्रत्येकाला दूध हलवायला लावत होती. एक फेटेवाला म्हातारा तसाच किटली पुढे करू लागला.

“तात्या, हलवा आदी.”

“अगं घरनं हलवतच आलोय. रस्ता बगितला न्हाईस का?”

“हलवा.”

त्याने हलवले. “नीट धर गं. माझ्या म्हशीची अब्रू हाय त्यात.”

“म्हशीची व्हय, तात्या. पर पाण्याची कुणाची?”

रांग खदखदली. तात्याही हसला, पावती नाकाशी धरून वाचली, आणि काहीबाही पुटपुटत निघून गेला. तासाभरात रांग संपली. तिने मशीन धुतले, बाटल्या उपड्या घातल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “दिसलं का, का संध्याकाळी परत येताय?”

त्या दिवशी टेबलावर बसून मी तिचा अर्ज लिहिला, आणि खोटे कशाला बोलू, दुपार गेली. अशक्य, असमर्थ, असहाय, निराधार हे शब्द माझ्या पेनातून आपोआप उतरतात. ‘अर्जदार स्टुलावर बसून तासाभरात सर्व सभासदांचे दूध तपासते, नमुना हलवल्याशिवाय घेत नाही’ हे वाक्य मला तीनदा खोडावे लागले, कारण ते अर्जातले वाक्य वाटतच नव्हते. कोणत्या साहेबाला यातून काय वाटावे? शेवटी अर्ज दोनच परिच्छेदांचा झाला. इतका तोकडा अर्ज माझ्या नावावर जाणार म्हणून मला शरम वाटली. पण दिसले होते तेवढेच लिहिले.

माझे काम तिथे संपायला हवे होते. शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला : नुसता कागद पुरणार नाही, तुम्हीच या. मी नकार दिला. त्यांनी “बरं, काका” म्हटले आणि ते अशा आवाजात म्हटले की अर्ध्या तासाने मी पुन्हा कळंबच्या रस्त्यावर होतो.

कमिटीची बैठक दूध गेल्यावर त्याच पत्र्याच्या खोलीत भरली. पाच-सहा सभासद सतरंजीवर, चेअरमन खुर्चीवर, ती आपल्या स्टुलावर, दारात तिचे वडील आणि बाई. चेअरमन उग्र माणूस नव्हता. त्याच्यापुढे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते आणि तो खरोखरच अडचणीत आलेला दिसत होता.

“भाऊसाहेब,” तो म्हणाला, “हे बी अक्षर तुमचंच, ते बी तुमचंच. आता सांगा, खरं कुठलं?”

मी दोन्ही कागद जवळ ओढून पाहिले.

“ते खरं म्हणाल तर पोरीला ठेवता येत न्हाय. आन हे खरं म्हणाल तर ते खोटं झालं. त्या खोट्याखाली माझी सही हाय, शिक्का हाय. उद्या कोन म्हणाला, सरपंचानं खोटी शिफारस दिली, तर मी कुणाच्या तोंडाकडं बगू?”

यावर एक सरळ वाट होती आणि ती मला तत्काळ सुचली. इतकी वर्षे मी उगाच हे काम करत नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “चेअरमनसाहेब, दोन्ही कागद आपापल्या काळी खरेच आहेत. मध्यंतरीच्या उपचारांमुळे अर्जदाराच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा...”

“न्हाय,” ती म्हणाली.

मी थांबलो. चेअरमनचा चेहरा नुकताच सुटू लागला होता, तो पुन्हा आवळला.

“सुदारना बिदारना काय न्हाय. पाय तवा हुतं तसंच हायती. कॅलिपर घातलं म्हणून उभी ऱ्हाती, एवढंच. हात तवा बी चालत हुतं. डोस्कं तवा बी चालत हुतं. शाळंत हिशेबात पैली यायची मी, ह्या तात्यांस्नी इचारा.”

“पोरी, गप की,” दारातून तिचे वडील म्हणाले. “भाऊसाहेब चांगलं सांगाय लागल्याती.”

“चांगलं न्हाय सांगत, आबा. सोपं सांगाय लागल्याती.”

मला सांगायला लाज वाटत नाही की त्या क्षणी मला तिचा संताप आला. मी तिची जागा वाचवत होतो, चेअरमनची सही वाचवत होतो, माझे अक्षर वाचवत होतो, आणि ही एक वाक्य गिळायला तयार नव्हती. तोंड उघडून मी तिला चार शब्द ऐकवणार होतो. पण ऐकवायचे काय, हा प्रश्न आला. कारण सगळे माझ्याकडे पाहत होते आणि माझ्याकडे आता एकच वाक्य शिल्लक होते.

“मी हिला पाहिले नव्हते,” मी म्हणालो. “वडील आले होते. त्यांनी सांगितले, पोरगी अधू आहे. बाकीचे मी घातले. मी तसेच घालतो.”

बाहेर कोणीतरी कॅन घासत होते.

“म्हंजे तुमी न बगता लिवलं,” चेअरमन सावकाश म्हणाला. “बरं. तुमी इंदापूरचं. मग माझं काय? मी बी न बगता सही केली म्हणून सांगू काय आता?”

“तुमी तर रोज माझ्या दारावरनं जाता, आण्णा,” ती म्हणाली.

एवढेच म्हणाली, आवाज न चढवता. चेअरमनने दोन्ही कागदांकडे पाहिले, मग सतरंजीकडे. फेटेवाला तात्या सभासद म्हणून तिथेच होता. तो म्हणाला, “चेअरमन, त्या दिवशी माझ्या दुधातलं पाणी धरलं तिनं. आजवर कुणी धरलं न्हवतं. ठिवा तिला, न्हायतर लोक म्हणत्याल तात्यानं राग काडला, मीच बदनाम हुईन.” दोघे-तिघे हसले. साडूच्या मुलाचे नाव मग कोणी काढले नाही.

चेअरमनने इतिवृत्ताची वही माझ्याकडे सरकवली. “लिवा ठराव. सकाळचं काम एक महिना बगू. जमलं तर संध्याकाळचं बी.”

“संध्याकाळचं बी आत्ताच,” ती म्हणाली.

“एक महिना म्हणलं न्हवं का!”

“बरं.”

मी पेन उघडले. ठराव कसा लिहावा हे मला कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. ‘सर्वानुमते असे ठरले की, अर्जदार हिच्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून’ इतके लिहून मी ते सवयीने मोठ्याने वाचले.

“ते सहानुभूतीचं खोडा,” स्टुलावरून आवाज आला.

मी पेन खाली ठेवले. मी तिला सांगितले की ठरावाला काही एक भाषा असते, हे शब्द सभ्यतेचे असतात आणि त्यांचा अर्थ कोणी धरत नाही. मी तिला सांगितले की इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही. प्रत्येक खाडाखोडीशेजारी अध्यक्षाची आद्याक्षरे घ्यावी लागतात, आणि कधी तपासणी झाली तर त्या पानावर बोट ठेवले जाते. दारातल्या बाई काहीतरी बोलतील म्हणून मी तिकडे पाहिले. त्या स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत भिंतीकडे बघत होत्या.

“मला सहा महिन्यांचं शिक्षान हाय,” ती म्हणाली. “ते लिवा.”

मी चेअरमनकडे पाहिले. तो वैतागलेला होता, मी त्याहून वैतागलेलो होतो, आणि उन्हाने पत्रा तापू लागला होता. मी ओळीवर रेघ मारली आणि वर लिहिले : ‘सहा महिन्यांचे प्रशिक्षण विचारात घेऊन’. ओळींच्या मधल्या जागेत अक्षर बारीक झाले, एक मात्रा वरच्या ओळीला लागली. उरलेला ठराव पुरा केला, पण इतके गचाळ पान माझ्या हातून आजवर गेलेले नाही. चेअरमनने रेघेशेजारी आद्याक्षरे केली, खाली सही केली, आणि खुर्चीतून उठून, सतरंजीवरच्या माणसांना वळसा घालून, वही आणि पेन तिच्या मान्यतेच्या सहीसाठी स्टुलापर्यंत स्वतः नेऊन दिले. तिने ठराव पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून काढला. मगच सही केली.